कपिलीचं औषध

(दुष्काळाचं साल. वडवणीजवळची चारा छावणी, सकाळची वेळ. दूध सोसायटीचे जनावरांचे डॉक्टर, बायनाबाई आणि तिची सून सिंधू. मधे दावणीला कपिली गाय.)

डॉक्टर : मी दिलेला क्षारांचा पुडा संपला म्हणता, मावशी. मग गाय अजून माजावर कशी नाही?

बायनाबाई : यील की. जनावर हाय, घाई करून भागतं का.

डॉक्टर : पलीकडची म्हैस त्याच औषधावर आली. तुम्ही पेंडीत कालवून घातलं ना?

बायनाबाई : कालवून घातलं.

डॉक्टर : गायीला?

बायनाबाई : सिंधे, बादल्या घेऊन जा. टँकर आला आसंल.

सिंधू : टँकर दुपारी येतो, आत्या.

डॉक्टर : यांचं तोंड का उतरलंय?

बायनाबाई : वकाऱ्या हायती तिला. गोड बातमी हाय, दुसरं काय. माझ्या भावाला निरोप बी धाडलाय मी.

डॉक्टर : तपासलं का कुणी?

बायनाबाई : वकाऱ्यात काय तपासायचं?

सिंधू : पोटात मुरडा पडतो. तोंडात समदा येळ पैसा चघळल्यावानी चव.

डॉक्टर : मावशी, पुडा कुणाला घातला?

बायनाबाई : तुमीच सांगितलं व्हतं. हितंच हुबं राहून. माजलगावच्या उसाच्या निस्त्या वाढ्यावर गाय भाकड जाती, तांबं-जस्त कमी पडतं, मंग मेंदूतून हुकूम सुटत न्हाई.

डॉक्टर : ते गायीचं सांगितलं होतं.

बायनाबाई : आन् बीडच्या डॉक्टरीणबाईनं हिचं काय सांगितलं? पिशवीत खोट न्हाई, मेंदूतून सुटायचं ते सुटंना, म्हणून पाळी येत न्हाई. ती बी तेच म्हणली, तुमी बी तेच. मंग औषध निराळं कावून?

डॉक्टर : किती घातलंत?

बायनाबाई : आधी चिमूट, हिच्या एकलीच्या भाकरीच्या पिठात. गुण येईना, मंग मूठ केली. गायीला मूठच म्हणला व्हता ना तुमी.

डॉक्टर : अहो, तांबं कमी पडलं तरी तो हुकूम अडतो आणि जास्त झालं तरी अडतो. वर लिव्हर जातं ते वेगळंच. हे गायीच्या मापाचं आहे. सिंधूताई, उठा. आत्ताच्या आत्ता दवाखान्यात जायचं.

बायनाबाई : कुठं न्यायची न्हाई तिला.

डॉक्टर : मावशी, खेळ नाही हा.

बायनाबाई : तिथं म्हणले की पोटात पोर न्हाई, औषध बाधलंय, तर? माझ्या भावानं हिच्या नवऱ्यासाठी, सर्जेरावासाठी, दुसरी पोरगी बघून ठिवलीय. पाडव्याला सुपारी फोडायची म्हणतो. ह्या वकाऱ्यांवर थांबलाय त्यो.

डॉक्टर : आणि सर्जेराव काय म्हणतो?

बायनाबाई : त्यो मामाला बी हो म्हणतो आन् मला बी हो. तुमी आठ रोज गप राव्हा. तवर काही ना काही हुईल.

डॉक्टर : आठ रोज हिच्या हातात आहेत का नाहीत, ते मला सांगता येणार नाही.

सिंधू : आत्या, मला ठावं व्हतं.

बायनाबाई : काय ठावं व्हतं?

सिंधू : भाकर दाताखाली कचकचायची. एकदा पिठाच्या डब्यामागं पुडा बी दिसला.

बायनाबाई : मंग खाल्लीस कावून, बये? थुकायची व्हतीस. मला शिव्या द्यायच्या व्हत्यास.

सिंधू : समदे दुसरी आणायचं बोलत व्हते. तुमी एकल्याच माझ्यावर काही करून बघत व्हता.

डॉक्टर : मोटरसायकल काढतो मी. भावाला काय सांगायचं ते मागाहून ठरवा.

बायनाबाई : डॉक्टर...

डॉक्टर : आता काय?

बायनाबाई : मागं दोघी मावतील का?