चक्क्याचं पाणी आणि खोचरेअण्णांचं प्रेशर

मंडळी, ऐका! बहिरा अर्धं ऐकतो, ते समजू शकतो. पण धडधाकट कानांचा माणूस अर्धंच का ऐकतो? सांगा! — नाही ना सांगता येत? मग अण्णांकडं चला.

दत्तूअण्णा खोचरे, कुस्तीच्या मैदानातले पंच. आवाज असा, की शिट्टीनं लाजावं! रक्तदाब मात्र आवाजाच्याही वर. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “अण्णा, गोळी रोज घ्या. मीठ कमी करा. आणि दुधातली प्रथिनं पचताना त्यांचे बारके तुकडे होतात. आवळलेल्या रक्तवाहिन्या त्या तुकड्यांनी जराशा सैल होतात, असं काही संशोधनात दिसलंय. पण फरक थोडाच — गोळी सोडायची नाही!”

अण्णांनी काय ऐकलं? “दूध... सैल!” बाकीचं? — गेलं खिडकीतून!

घरी शेवंताकाकूंनी चक्का टांगलेला. खाली पातेल्यात टपटप पाणी. अण्णा खूश! “हेच माझं औषध!” तांब्या तोंडाला लावला. शी! आळणी! मग घातलं मूठभर मीठ. सोबत पापड. वर लोणचं — औषधाला चव नको?

“अहो, गोळी?” काकू ओरडल्या.

“दुधात सगळं असतं!”

असं रोज चाललं, मंडळी. आणि आली जत्रेची कुस्ती. दोघे पैलवान भिडलेले, अण्णा भोवती नाचतायत, ओरडतायत — आणि आभाळच फिरलं! अण्णा मातीत उताणे! दोन्ही खांदे टेकलेले! हलगीवाल्याला काय ठाऊक? त्यानं वाजवली की हो! लोक ओरडले, “पंच चितपट!”

हसताय? अण्णांना हसू येत नव्हतं. जीभ कोरडी, छातीत धडधड. वाटलं, संपलं.

दवाखान्यात बाईंनी पट्टा गुंडाळला. “वरचं दोनशेला टेकलंय! काय घेत होता?”

“तुम्हीच सांगितलेलं. चक्क्याचं पाणी.”

“मीठ घालून?”

“मग काय आळणी पिऊ?”

“अहो, दुधानं एखादी पायरी उतरवलं असतं, तुम्ही मिठानं माडीवर चढवलंत! वर गोळीही बंद!”

अण्णांनी काकूंचा हात घट्ट धरला. “शेवंता, घाबरलो गं.”

काकूंचे डोळे भरले, पण आवाज खणखणीत — “मग गिळा!” आणि गोळी तळहातावर!

अण्णा वाचले. आता गोळी घेतात, बिनमिठाचं ताकही पितात — तोंड एरंडेल प्यायल्यासारखं! प्रेशर उतरलं. बाई म्हणतात, काम गोळीचं. ताकाचा हातभार असलाच तर चिमूटभर.

आता तुमच्याकडं येतो! मघापासून घसा फोडून सांगतोय — गोळी घ्या, मीठ कमी करा, पुरतं ऐका. आणि घरी जाऊन काय सांगाल? “बुवा म्हणाले, ताक प्या!”