अनुमोदक म्हणून माझं नाव

आजच्या समारंभाचे अध्यक्ष माधवराव, व्यासपीठावर मधोमध बसलेले सत्कारमूर्ती गिरीशराव, त्यांच्या शेजारी सौ. शिल्पाताई, हा हॉल आपल्याला देणारे चर्चचे पाद्रीबाबा, ज्यांना माझं एक अक्षर कळणार नाही आणि म्हणून आज तेच सगळ्यांत सुखात राहतील, आणि समोर बसलेल्या थेम्सकाठ मराठी मंडळाच्या लेकी-सुनांनो, जावयांनो, मुलांनो,

मी लीलावती. अजयची आई. शिक्षण चौथी. भाषण मीच लिहिलंय. नात म्हणाली होती लिहून देते, पण तिचं मराठी माझ्या इंग्रजीसारखं आहे. दोघींचं मिळून धड पान भरलं नसतं.

गिरीशराव मेडनहेड सोडून कायमचे पुण्याला चालले. सात वर्षं अध्यक्ष होते. माधवराव मला म्हणाले, आजी, दोन गोड शब्द बोला. दोनच आहेत, ते आधी उरकते. माणूस मदतीला धावणारा आहे. माझा मोतीबिंदू काढला तेव्हा अजय कामासाठी जर्मनीत होता. गिरीशरावांनी दोन्ही खेपा गाडीनं नेलं-आणलं, वर रस्ताभर माझी बडबड ऐकली. आणि शिल्पाताईंच्या हाताला चव आहे. झालं.

आता मंडळाचं. व्हिसावर नवीन आलेल्यांना ठाऊक नसेल, पूर्वी आपण लंडनच्या एका मोठ्या मंडळाची शाखा होतो. शाखा म्हणजे काय, तर सतरंज्या आपण घालायच्या आणि त्यावर बसून निर्णय त्यांनी घ्यायचे. आपल्या मुलांचं नाटक शेवटी, तोवर अर्धा हॉल कोट घालून उभा. विचारलं तर उत्तर नाही. तेव्हा गिरीशराव उठले. म्हणाले, स्कॉटलंडला स्वतःचं पार्लमेंट मिळतं, मग मेडनहेडला स्वतःचं मंडळ का नको? मला स्कॉटलंडचं काही कळत नव्हतं, पण उत्तर न देणाऱ्या माणसांचा राग मला पहिल्यापासून आहे.

दोन हजार एकचा मार्च. ह्याच हॉलमध्ये मतदान झालं. बिस्किटांच्या डब्याच्या झाकणाला खाच पाडली होती. केशरी चिठ्ठी म्हणजे स्वतंत्र व्हायचं, पांढरी म्हणजे राहायचं. माझी केशरी. त्र्याऐंशी विरुद्ध एकेचाळीस. मी पेढे वाटले, पांढरी चिठ्ठी टाकणाऱ्यांनाही दिले. त्यांनी खाल्ले, पण तोंड वाकडं करून.

मतदानाआधी गिरीशरावांनी घरोघर एक पत्रक वाटलं होतं. आमच्याकडे ते फ्रिजवर लावलेलं होतं, मला पाठ आहे. दर दोन वर्षांनी निवडणूक. मागच्या सभेत काय ठरलं ते पुढच्या सभेत वाचून दाखवणार. ज्याला प्रश्न असेल त्यानं उभं राहावं, अध्यक्ष उत्तर देतील. खाली मोठ्या अक्षरांत, "आपला कारभार, आपल्या डोळ्यांसमोर." मोतीबिंदू माझ्या डोळ्यांत होता, पण दिसत नव्हतं ते तुम्हा सगळ्यांनाच.

दोन वर्षं झाली. निवडणूक? घडी बसू दे, म्हणाले. पुढे, हॉल बदलायचाय, एवढं होऊ दे. त्यानंतर विचारायचंच बंद झालं. त्यांची पद्धत तुम्हाला माहीत आहे, नसेल तर आज नीट बघा. सभेत सगळं रमतगमत चालतं. ठराव मात्र जेवणाच्या आधी पाच मिनिटं. आतून बटाटेवड्यांचा वास सुटलेला, पोरं टेबलाभोवती घिरट्या घालतायत, आणि गिरीशराव म्हणतात, सर्वानुमते ना? तुमचे हात वर. हे हात ठरावासाठी होते की प्लेटसाठी, एवढं आपापल्या घरी जाऊन खरं सांगा.

आणि प्रत्येक ठरावाखाली लिहिलेलं असायचं, अनुमोदक, श्रीमती लीलावतीबाई. मला आदल्या दिवशी चिठ्ठी यायची. मी उभी राहून वाचायची, "माझं अनुमोदन आहे." बसायची. मला वाटायचं, हे आशीर्वादासारखं काहीतरी आहे. घरात मोठी बाई असली की शुभकार्याला तिच्याकडून दोन अक्षता टाकून घेतात, तसं. कुणी अर्थ सांगितला नाही. मी विचारला नाही, हा माझा गुन्हा.

चार वर्षांपूर्वी माझी सून मंजिरी कार्यकारिणीत होती. वार्षिक सभेत ती ते पत्रक हातात घेऊन उभी राहिली. म्हणाली, "ह्यात दोन वर्षं लिहिलंय. तीन झाली. निवडणूक कधी?" गिरीशराव हसले. "वहिनी, घर-नोकरी सांभाळून एवढं लक्ष घालता, कौतुक आहे तुमचं." टाळ्या झाल्या. उत्तर झालं नाही. आणि ज्या उत्तरासाठी आपण लंडनच्या मंडळातून बाहेर पडलो, ते मिळालं नाही म्हणून तुमच्यापैकी एकानं हूं केलं नाही.

पुढच्याच सभेत ठराव आला. "सौ. मंजिरी यांना कार्यभारातून मुक्त करण्यात येत आहे." आमच्या गावी मास्तर रिटायर झाले की त्यांना सेवेतून मुक्त करायचे. शाल, नारळ, फोटो. मला वाटलं, सुनेचा सत्कार आहे. नेहमी बसल्या आवाजात म्हणते, त्या दिवशी खणखणीत म्हणाले, "माझं अनुमोदन आहे." आणि खरं सांगू? शाल कधी आणतायत म्हणून मी दाराकडे बघत होते.

परत जाताना गाडीत मी विचारलं, शाल का नाही दिली गं? मंजिरीनं आरशातून माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, "आई, तुम्हीच मला काढलंत." शेजारून नात निधी म्हणाली, "आजी, अनुमोदन म्हणजे I agree. तू आईचा नाव कट केली." तिचं व्याकरण चुकलं, माहिती बरोबर होती.

त्यानंतर मंजिरी ह्या हॉलमध्ये आलेली नाही. मला दारापर्यंत सोडते आणि बाहेर गाडीत बसून राहते. आत्ताही तिथेच आहे, लायब्ररीचं पुस्तक घेऊन. मी मात्र येत राहिले आणि अनुमोदन देत राहिले. आता तर अर्थ कळत होता. का दिलं? परक्या देशात वृद्ध बाईला कुणीतरी उभं राहायला सांगतं, नावानं हाक मारतं, त्याचा मोह. डोळ्यांचं ऑपरेशनही होतं. गाडीनं नेणाऱ्याला नाही कसं म्हणायचं? असाच प्रत्येकाचा काहीतरी मोतीबिंदू असणार. कुणाला पहिलं घर बघून दिलं असेल, कुणाच्या मुलीला नाटकात काम. माणूस उपकार करतो म्हणून उत्तर देण्यातून सुटतो का?

आज चहाच्या वेळी माधवरावांनी मला पुन्हा चिठ्ठी दिली. माझ्यानंतर ठराव, मग जेवण. वड्यांचा वास येतोच आहे. ठराव असा की गिरीशराव पुण्याला गेले तरी मंडळाचे आजीव मार्गदर्शक राहतील, त्यांच्या संमतीशिवाय काही ठरणार नाही, आणि नवीन अध्यक्षाचं नाव तेच सांगतील. म्हणजे लंडनमधून सुटलो ते पुण्याची शाखा व्हायला. लंडन निदान ट्रेननं गाठता यायचं. खाली लिहिलंय, अनुमोदक, श्रीमती लीलावतीबाई.

माधवराव, ही चिठ्ठी तुमच्या टेबलावर ठेवते. माझं अनुमोदन नाही. हे वाक्य मी घरी म्हणून बघितलं, ते तेवढंच लांब आहे, फक्त तोंडाला सवय नव्हती.

माझाही एक ठराव आहे. पुढच्या रविवारी ह्याच हॉलमध्ये डबा ठेवा आणि निवडणूक घ्या. जेवण झाल्यावर, भरल्या पोटी. गिरीशराव, तुमचं विमान त्यानंतर आहे, शिल्पाताईंनी मला सांगितलंय. उभं राहा, प्रश्न घ्या, मग जा. सूचक मी. अनुमोदक लागेल. घाई नाही, अर्थ समजून मगच उठा.

कुणी उठत नाही. बरं.

पाद्रीबाबा, हॉलबद्दल आभार. स्वयंपाकघरातल्या बायकांचे आभार, त्यांना आज वडे दुसऱ्यांदा तळावे लागतील. माधवराव, वेळ दिलात, आभार, परत द्याल असं वाटत नाही. बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल तर पोटात घाला, असं तुम्हाला म्हणायची रीत आहे. पण माझ्या हातून जे चुकलं त्याची माफी तुमच्याकडे नाही. ती बाहेर गाडीत बसलीय. चार वर्षं एका घरात राहून मी ती मागितलेली नाही. आता तिकडेच जाते. जेवायला माझी वाट पाहू नका.