पिल्लांना पोळतंय

(लाओसच्या डोंगरातलं घर. हिवाळ्याची सकाळ. खाटेखाली निखारे, खाटेवर नऊ दिवसांची बाळंतीण सेंगदाव.)

सेंगदाव : अगं आई, ती टोपली इथं कुठं आणतेस? बाळंतिणीची खोली आहे ही, खुराडं नव्हे!

बुआफान : मग कुठं नेऊ? परवा तुझ्या नवऱ्यानं पिल्लांच्या उबेला बल्ब लावला. लाइट गेली आणि सहा पिल्लं एकमेकांच्या अंगावर चढून चेंगरून मेली.

थोंगसी : मी गॅसची शेगडी म्हणत होतो, सासूबाई. तुम्हीच नको म्हणालात.

बुआफान : गॅस मध्येच संपला म्हणजे? इथं रात्रंदिवस निखारे फुललेत. आयती ऊब वाया का घालवायची, जावईबापू?

सेंगदाव : वाया? माझी पाठ भाजून निघालीय!

बुआफान : पहिलटकरणीला पंधरा दिवस शेकावंच लागतं. नाहीतर म्हातारपणी हाडं ठणकतात. घे, गरम पाणी पी.

सेंगदाव : आणखी गरम?

थोंगसी : सासूबाई, पिल्लं बघा हो. सगळी निखाऱ्यांपासून लांब, टोपलीच्या पलीकडच्या कडेला चिकटलीत. चोची उघड्या, पंख पसरलेले.

बुआफान : अगं बाई, पोळतंय त्यांना! चिमटा द्या इकडे, अर्धे निखारे काढते. मुकी बिचारी, सांगणार कुणाला!

सेंगदाव : मी नऊ दिवस सांगतेय.

बुआफान : तू जन्मापासून कुरकुरतेस. पिल्लू खोटं बोलत नाही. गारठलं तर गोळा होतं, पोळलं तर लांब पळतं. बघ, आता कशी ऐसपैस पांगली.

थोंगसी : हिचाही घाम थांबला की.

बुआफान : तुम्हाला विचारलंय कुणी?

*

थोंगसी : तीन दिवसांत एकही पिल्लू दगावलं नाही, सासूबाई. आणि आता शेजारचे विसाय काका त्यांची गॅसची शेगडी देतायत. नेऊ ना पिल्लं खाली?

सेंगदाव : नको! राहू देत इथंच.

थोंगसी : अगं, वास येतो म्हणून कालच ओरडत होतीस.

सेंगदाव : येऊ दे वास. माझे पंधरा दिवस होईपर्यंत टोपली हलवायची नाही. आई, सांग ना यांना.

बुआफान : काकांना म्हणावं, शेगडी नको.

थोंगसी : पण ही का अडून बसलीय, ते कळतंय ना तुम्हाला?

बुआफान : न कळायला काय झालं? हिच्या वेळी मी वीस दिवस शेकले. मला कुणी पिल्लं आणून दिली नव्हती.