बेसबॉल की फुटबॉल

कुठला खेळ मोठा ते मला विचारू नका, त्या वादात माझा एक अख्खा शुक्रवार गेलाय. साठ सालच्या आसपास आखातात फहाहीलला तेलाच्या कामावर आमचे दोन अमेरिकन साहेब होते. म्हातारा म्हणायचा, आमच्या देशाचा खेळ बेसबॉल. तरणा म्हणायचा, ते दिवस गेले, आता फुटबॉल. म्हणजे त्यांचा तो, चेंडू हातात घेऊन पळायचा. रोज तेच. शेवटी ठरलं, सुट्टीच्या दिवशी बाकीच्या गोऱ्यांना घेऊन दोन्ही खेळ एकदम लावायचे आणि माणसं कुठे बसतात ते बघायचं. माणसं म्हणजे आम्ही रत्नागिरीवाले, आठवड्याची एकुलती झोप सोडून आलेले.

मैदानाच्या मधोमध पाण्याचा टँकर, त्याच्या एका बाजूला बेसबॉल, दुसऱ्या बाजूला फुटबॉल, बाकी नुसती वाळू. सकाळी आम्ही सगळे बेसबॉलच्या बाजूला. म्हातारा खूश. दुपार कलली तसे एकेक करत उठून फुटबॉलकडे गेलो. तरणा ओरडला, "बघा, फुटबॉल जिंकला!"

म्हाताऱ्याचं तोंड उतरलं. आमच्या दाऊदचाचांना म्हणाला, "बेसबॉलमध्ये काय वाईट होतं?"

"काहीच नाही साहेब," चाचा म्हणाले, "टँकरची सावली इकडे आली."

म्हातारा टँकरकडे बघत राहिला. मग बॅट वाळूत टाकून आला नि म्हणाला, "सरका जरा."