एकाच डबीतलं मेण

मोटारीला मेण लावायचं नाव माझ्यापुढे काढू नका राव. एका डबीपायी माझ्या बहिणीचं माहेर तुटलं.

कुसुमचं लग्न धुळ्याला, आमच्याच दारी होतं. मुलाकडचे रावेरहून स्वतःच्या मोटारीनं आले. सीमांतपूजनाच्या दिवशी मी हौसेनं त्यांची मोटार आणि आमची, दोन्ही एकाच डबीतलं मेण लावून घासल्या. आरशासारख्या झाल्या. दुसऱ्या दिवशी वरातीच्या वेळी बघतो तर आमची तशीच चमकतेय आणि त्यांची पांढुरकी पडलेली.

मुलाचे मामा भर मांडवात ओरडले, "बठ्ठं चांगलं मेण तुमनी गाडीले, आन् आमनी गाडीले चोथा?"

मी म्हणालो, "मामा, आमची गाडी छपराखाली असते. तुमची बारा महिने उन्हात उभी. रंग पार सुकलाय, तोच मेण पिऊन टाकतो. तुमच्याकडे निगाच नाही, तर चमक टिकेल कशी?"

खरं बोललो आणि तेच भोवलं. व्याही रुसले ते कायमचे. कुसुमला दिवाळसणालासुद्धा पाठवलं नाही.

चार वर्षांनी मीच रावेरला गेलो. कुसुम पाणी घेऊन बाहेर आली, तर मी तिला ओळखलंच नाही. म्हटलं, "काय गं ही दशा? चेहऱ्यावरचं तेज कुठे गेलं?"

तांब्या खाली ठेवत ती म्हणाली, "यांच्याकडे निगा नाही, हे तुला मांडवातच कळलं होतं ना भाऊ? मग मला त्याच मोटारीत का बसवलंस?"