साखळी नसलेले सिलिंडर

(कोल्हापुरातल्या एका खासगी दवाखान्यात, दर्जा विभागाच्या खोलीत. दुपार.)

पिराजी : पेढा? कशाचा म्हणं ह्यो?

संयोगिता : घ्या हो. मानांकनासाठी बाहेरून टीम आलीय ना, आजची तपासणी एकदम छान झाली. तुम्ही कुणाचे नातेवाईक?

पिराजी : शालूबाईंचा भाऊ मी. ह्ये आमचं दाजी, हंबीरराव. राधानगरीकडचं. आक्का आमची गेली आत्ता, तुमच्याच वॉर्डात. आता सांगा, पेढा मी खाऊ का दाजींला देऊ?

संयोगिता : गेल्या म्हणजे... डिस्चार्ज?

पिराजी : व्हय, डिस्चार्ज. हसत हसत गेली बगा.

हंबीरराव : पिराजी, गप. मॅडम, खिडकीकडची खाट. सकाळी तुमी आलता की तिथं. नवी चादर घालून घेतलीसा, केस इंचरून घेतलंसा.

संयोगिता : अरे देवा. सॉरी काका. मी संयोगिता, इथलं क्वालिटीचं काम बघते. मला कुणी कळवलंच नाही. बसा ना. पाणी देऊ?

हंबीरराव : पाणी नको. स्टोअरची किल्ली द्या.

संयोगिता : किल्ली कशाला?

हंबीरराव : हिच्या उशाचा ऑक्सिजनचा सिलिंडर तुमच्या माणसांनी सकाळी आत कोंडला. शेजारच्या महादेवीबाईचाबी नेला. आता तिला धाप लागलीया. तिला पायजे.

संयोगिता : पण वॉर्डात भिंतीला पाइपलाइन आहे.

पिराजी : हाय की. रंग दिऊन झकास केलीया. वारा येत न्हाय त्यातनं, येवढंच. सिस्टर म्हणली, दुरुस्तीला सांगितलंय.

संयोगिता : काका, नियम असा आहे, सिलिंडर मोकळा उभा ठेवता येत नाही. अंगावर पडला तर? साखळीनं बांधलेला हवा. साखळ्या वेळेत आल्या नाहीत, म्हणून तपासणीपुरते आत ठेवले. लगेच परत आणायचे होते.

हंबीरराव : नियम ब्येस हाय. पण दावं तुटलं म्हणून आमी म्हस खोलीत कोंडून वर कुलूप घालत न्हाय. नवं दावं आणतो.

पिराजी : तपासणी झाली की. मग?

संयोगिता : किल्ली आमच्या मॅनेजरांकडे, राजवर्धन सरांकडे आहे. ते टीमला घेऊन पन्हाळ्याला गेलेत. जेवायला.

पिराजी : रस्सा प्यायला!

संयोगिता : पाहुणे आहेत हो. उपाशी कसं ठेवणार?

पिराजी : न्हाय, न्हाय, बराबर हाय. कोल्हापूरचं नाव जायला नको. तांबडा वाढा, पांढरा वाढा. वारा तेवढा कुलपात असू द्या.

हंबीरराव : फोन लावा त्येंला.

संयोगिता : लावतेय. उचलत नाहीयेत. रेंज नसेल वर.

हंबीरराव : त्या तपासणीच्या सायबानं हिला इचारलं, सिस्टर हात धुत्यात का? ही तोंड उघडायच्या आदी तुमची सिस्टर म्हणली, धुतो. मग इचारलं, काय त्रास? हिला बोलवंना. हिनं दोन्ही हात छातीकडं नेलं. तुमी हसून म्हणलासा, नमस्कार करतायत.

संयोगिता : मला खरंच तसं वाटलं, काका.

हंबीरराव : वाटलं आसंल. तुमी सायबाच्या तोंडाकडं बगत हुता.

संयोगिता : मी तुमची तक्रार नोंदवते. मानांकनाचा हाच तर उपयोग. प्रत्येक मृत्यूवर समिती बसते, कारण शोधते. पूर्वी इथं हे काहीच नव्हतं.

हंबीरराव : बसवा की समिती. माझी आडकाठी न्हाय. पण महादेवीबाई अजून जित्ती हाय. तिची समिती बसायला नको.

पिराजी : दाजी, अँब्युलन्सच्या ड्रायव्हरकडं टामी आसंल. घेतो आन् कडीच उचकाटतो.

संयोगिता : अहो नको! संध्याकाळी टीम परत येणार आहे, समारोपाची मीटिंग आहे. तुटलेली कडी बघितली तर मी काय सांगू?

पिराजी : सांगा की, नमस्कार करतीया म्हणून.

संयोगिता : माझी नोकरी जाईल हो, काका.

हंबीरराव : जाऊ दे. तुमास्नी दुसरी मिळंल. हसाया येतंय तुमाला.

संयोगिता : असं नका बोलू.

हंबीरराव : मग चला म्होरं, खोली दावा. पिराजी, आदी महादेवीबाईला लाव. मग वॉर्डात आनी कुणाला पायजे ते बग.

पिराजी : आन् तुमी?

हंबीरराव : मी शालूजवळ बसतो. डागदर अजून तिच्याकडं फिरकल्याला न्हाय. आन् तिकडं पोरगी घरात फोनची वाट बगतीया. तिला सांगायचं ऱ्हायलंय.