धाकटीचा हिरवा रंग

मी डोळखांबच्या बाजूची, डोंगरातली. लग्न करून इकडं धसईजवळ आले तवापास्नं मला दमा. आमच्या घरात दमा म्हणला की थोरली, म्हंजे मी. आल्यागेल्यानं आधी विचारायचं, वयनी कशी हाय. मंग धाकटी जाऊ आली, कमळ, आन् दोन वर्सांत तिला पण दमा. काय सांगू तुमाला, दम्यात पण कोणी वाटेकरी आला तर खुपतं.

आशाताईनं दोघींच्या फोनात ते दम्याचं ॲप टाकून दिलं, आन् एकेक नळी दिली. सकाळी नळीत जोरात फुंकायचं, काटा जिथं जाईल तो आकडा फोनात लिवायचा. बरा असला तर फोन हिरवा होतो, उतरला तर पिवळा, मंग पंप किती घ्यायचा, धुरात जायचं का नाय, सगळं सांगतो. लाल झाला तर सरळ दवाखाना. तर कमळचा रोज हिरवा, फोन तिला शाब्बास म्हणायचा. माझा पिवळा, रोज पिवळा. सासू म्हणायची, बघ गो, धाकटी कशी टायमावर पंप घेते. माझा नुसता जळफळाट. दमा माझा जुना, आन् शाब्बास तिला?

मंग मी काय केलं, ती आकडा मोठ्यानं म्हणत लिवायची, तो कान देऊन ऐकायचे आन् माझ्या फोनात दहा जास्त लिवायचे. झाला हिरवा. हसू नका, खोटं मीच लिवलं, आन् हिरवा बघून मलाच खरं वाटाय लागलं. सकाळचा पंप पण सोडला.

राबाचे दिस आले. पावसाच्या आधी आमी भाताच्या रोपासाठी पालापाचोळा, शेण पसरून जमीन भाजतो, तो राब. आमच्यात तो थोरलीनंच पेटवायचा. त्या सकाळी कमळचा आकडा पडला, फोन पिवळा, म्हणला धुरात जाऊ नका. मी कालचाच आकडा लिवला. हिरवा! खोटं कशाला बोलू, मला जाम आनंद झाला. म्हणलं, तू बस घरी, मी चालले.

राब पेटला, वारा फिरला, सगळा धूर माझ्या अंगावर. छाती आवळली, बोलता येईना. आन् कोण आलं धावत? कमळ. नाकाला पदर लावून त्याच धुरात घुसली, मला वढून काढलं, तिचा पंप माझ्या तोंडात दिला. रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टरनं माझा फोन बघितला, म्हणला, मावशी, हा तर म्हणतो तुमाला कायच नाय. कमळनं माझ्याकडं बघितलं. तिला सगळं कळलं, पण घरी येऊन एक शब्द बोलली नाय. मला त्याचा पण राग आला. मोठेपणा पण तिनंच घ्यायचा का?

आता खरं लिवते. पंप घेते. कदी पिवळा, कदी हिरवा. परवा ओटीवर दोघी फुंकत होतो, बघते तर काटा कुठं आन् ती लिवते कुठं, वीस कमी लिवत होती, मला वाईट वाटू नये म्हणून. अशी भडकले मी. म्हणलं, खरा आकडा लिव गो, माझी काय गत झाली बघितली नाय का? तुझा हिरवा मला खुपतो तर खुपू दे. देव तुला माझ्याहून जास्त आयुष्य देवो. तू आधी गेलीस तर मी जळू कोणावर?